पायाखालची एकोणीसची रेघ

खांदेश्वरहून सुटलेली हार्बरची लोकल पनवेलला पोचेपर्यंत मध्ये एक गोष्ट घडते. डब्यातल्या उद्घोषणेत तिचा उल्लेख नसतो आणि दाराशी उभ्या असलेल्या कुणाला ती जाणवतही नाही. गाडी 19 अंश उत्तर अक्षवृत्त ओलांडते. खांदेश्वर स्थानक या अक्षवृत्ताच्या जेमतेम पाऊण किलोमीटर उत्तरेला आहे, पनवेल स्थानक साधारण एक किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे ही रेघ खांदा कॉलनी आणि नवीन पनवेलच्या परिसरातूनच जाते. कुणाच्या गॅलरीखालून, कुठल्या बागेतल्या घसरगुंडीखालून किंवा एखाद्या शिकवणीच्या वर्गाखालून जात असेल. त्याच वर्गात एखादा मुलगा घोकत बसलेला असतो: 'अक्षवृत्ते या पृथ्वीगोलावरील काल्पनिक आडव्या रेषा होत.'

रेघ काल्पनिक आहे, पण शोधता येते. मोबाइलवरच्या नकाशात आपण उभे आहोत त्या ठिकाणी बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. पहिला आकडा 19.00 च्या पुढे काहीतरी असेल, तर दक्षिणेकडे चालायला लागायचं. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. त्या हिशेबानं दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा एकानं बदलला, की आपण 111 मीटर चाललो. चौथा बदलला की 11 मीटर, म्हणजे साधारण एका बसच्या लांबीएवढे. असं करत करत 19.0000 चा आकडा 18.9999 झाला, की समजायचं, रेघ आत्ताच पायाखालून गेली. सोबत एखादं मोठं माणूस हवं आणि रस्त्यावरून चालताना नजर मोबाइलवर नको, एवढीच अट.

हा खेळ अर्ध्या तासाचा आहे. त्यात भूगोल आहे, गणितातले दशांश अपूर्णांक आहेत आणि उपग्रहांवरून आपली जागा ठरवणारं तंत्रज्ञान आहे. साधन म्हणाल, तर घरोघरी असलेला मोबाइल. मुलांना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवण्यासाठी इंटरनेटवर काय काय आहे, असा प्रश्न पालक आणि शिक्षक हल्ली वारंवार विचारतात. उत्तरादाखल संकेतस्थळांची लांबलचक यादी देता येईल. पण यादीपेक्षा एक फरक ओळखणं जास्त कामाचं आहे. काही साधनं मुलाला उत्तर देतात, काही पुरावा देतात. पहिल्या प्रकारची साधनं परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगी पडतात, दुसऱ्या प्रकारची वर्षभर.

पुस्तक आहेच, आधी ते उघडू

पहिल्या प्रकाराला नावं ठेवायचं कारण नाही. 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. धड्याशेजारचा क्यूआर कोड मोबाइलनं टिपला, की दीक्षा या मंचावरचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. हा राष्ट्रीय मंच 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाला. 2020 च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली. घर आणि परिसर यांचाच वर्ग करता येतो, हे त्या वर्षी अनेक घरांनी पाहिलं.

या साठ्यातली दोन प्रकाशनं मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक राज्यात जिल्ह्यागणिक वेगळं असतं. रायगड जिल्ह्याचं पुस्तक वेगळं, शेजारच्या ठाण्याचं वेगळं. मूल सातवीत असलं तरी हे पुस्तक पुन्हा उतरवून घ्यावं, कारण आपल्या जिल्ह्याबद्दलचा तो सर्वांत सोपा मजकूर आहे. दुसरं म्हणजे 'किशोर' मासिक. 1971 पासूनचे त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. पन्नास वर्षांपूर्वी मुलांना गावाबद्दल, देशाबद्दल काय सांगितलं जात होतं आणि कोणत्या भाषेत, हे वाचणं म्हणजे इतिहासाचाच तास.

खांदा कॉलनीत एकाच मजल्यावर राज्य मंडळाचं मूल असतं आणि समोरच्या दारी सीबीएसईचं. त्याचाही फायदा घेता येतो. एनसीईआरटीनं 2024 पासून सहावीसाठी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र करून 'एक्सप्लोरिंग सोसायटी' हे एकच पुस्तक आणलं. ते त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. दोन्ही मुलांनी एकाच विषयावरचे आपापले धडे शेजारी ठेवून वाचावेत. कोणत्या पुस्तकात काय आलं, काय गाळलं, कोणाचं चित्र छापलं? पुस्तकं कुणीतरी लिहितं, निवडून लिहितं, हे एकदा कळलं की मूल पाठांतरातून अर्धं सुटतं.

एक प्रश्न: कॉलनीच्या आधी इथं काय होतं?

आता पुराव्यांकडे वळू. पुरावा गोळा करायचा तर आधी प्रश्न हवा, आणि तो मुलाला स्वतःचा वाटायला हवा. खांदा कॉलनीतल्या मुलासाठी असा एक प्रश्न दारातच उभा आहे. आपल्या इमारतीच्या आधी इथं काय होतं?

पहिला थांबा गूगल अर्थची टाइमलॅप्स सोय. उपग्रहांनी 1984 पासून टिपलेली चित्रं तिथं चित्रपटासारखी एकामागोमाग सरकतात. पनवेलवर येऊन फिल्म सुरू केली की सुरुवातीला हिरवा-तपकिरी पट्टा, खाडीचे फाटे आणि तुरळक वस्ती दिसते. मग रस्त्यांची जाळी उमटते, सेक्टर भरत जातात, कळंबोली, कामोठे, खारघर एकमेकांकडे सरकतात. शेवटच्या काही वर्षांत खाडीलगत एक प्रचंड सपाट पट्टा तयार होतो. तो नवी मुंबई विमानतळ. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावं उठवावी लागली. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं.

इथं शिक्षकानं एक पथ्य पाळावं. फिल्म लावल्याबरोबर समजावून सांगायला लागू नये. आधी मुलांना फक्त दिसतं ते बोलू द्यावं: 'हा करडा रंग वाढला', 'ही निळी रेघ वाकडी होती, ती सरळ झाली'. निरीक्षण आधी आणि अर्थ मागून, ही शिस्त भूगोलात फार मोलाची. आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांतला एक ठिपका जमिनीवरच्या 30 मीटर लांबीरुंदीच्या तुकड्याएवढा असतो. म्हणून या फिल्ममध्ये घर दिसत नाही, वस्ती दिसते. इस्रोचं 'भुवन' हे 2009 साली सुरू झालेलं संकेतस्थळ याच कामासाठी जोडीला ठेवावं. तिथं जमिनीच्या वापराचे नकाशेही मिळतात.

दुसरा थांबा भारतीय सर्वेक्षण विभाग. 1767 साली स्थापन झालेला हा विभाग 2017 पासून आपल्या संकेतस्थळावरून 1:50,000 प्रमाणाचे नकाशे मोफत देऊ लागला. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. आणि इथं आपली रेघ पुन्हा भेटते. या विभागाच्या जुन्या क्रमांकनात नकाशाची पत्रकं पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटीत कापलेली आहेत. 19 अंशांवर एक पत्रक संपतं आणि दुसरं सुरू होतं. त्यामुळे उत्तरेकडचा भाग 47 ई/4 या पत्रकावर, दक्षिणेकडचा 47 एफ/1 वर. पनवेलचा परिसर असा दोन कागदांत विभागलेला आहे. दोन्ही पत्रकं छापून काठाला काठ जुळवून चिकटवणं हे सहावीतल्या मुलांचं काम. चिकटवताना जी रेघ जुळवावी लागते, ती अक्षवृत्ताची. आता तिला कुणी काल्पनिक म्हणून बाजूला सारणार नाही.

पनवेल हरवतं आणि सापडतं

तिसरा थांबा गॅझेटियर. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या प्रत्येक जिल्ह्याची माहिती खंडाखंडांत छापली: पिकं, बाजार, बंदरं, रस्ते, गावं. हे खंड आज राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर आणि इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतात.

मुलाला सांगा, यात पनवेल शोध. मूल साहजिकच रायगड जिल्हा शोधेल. त्या नावाचा खंड तिथं नाही, कारण कुलाबा जिल्ह्याचं रायगड हे नाव 1981 साली झालं. मग ते 1883 चा कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा खंड उघडेल. त्यातही पनवेल तालुका सापडणार नाही. हा तालुका 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्याची माहिती 1882 च्या ठाण्याच्या खंडांत आहे, चौदाव्या खंडातल्या गावांच्या यादीत. स्वातंत्र्यानंतर 1964 साली निघालेल्या कुलाब्याच्या गॅझेटियरमध्ये मात्र पनवेल कुलाब्यात येतं. गाव जागचं हललेलं नाही. जिल्ह्याची हद्द आणि नाव मात्र त्याच्यावरून सरकत गेलं. प्रशासकीय सीमा माणसांनी आखलेल्या असतात आणि बदलतात, हे नागरिकशास्त्राचं एक वाक्य. पण ते असं हुडकून कळलं तर विसरत नाही.

शोधताना स्पेलिंगची युक्तीही शिकवावी. इंग्रजी कागदपत्रांत ठाण्याचं स्पेलिंग आजच्यासारखं नसून 'थाना' असं वाचलं जाईल असं आहे. जुनी नावं त्या काळच्या स्पेलिंगनं शोधली तरच सापडतात. मजकूर इंग्रजीत आणि भाषाही जुनी, म्हणून एक-दोन परिच्छेद शिक्षकानं मराठीत सोपे करून द्यावेत.

जुनी वर्णनं वाचताना गंमत येते. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीनं पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून खोपोलीमार्गे बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. बैलगाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा नावाजलेला उद्योग होता. देशावरून आलेले गाडीवान जाताना इथल्या चाकांची जोडी घेऊन जात. आज त्याच परिसरात कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 66 थेट कन्याकुमारीला जातो. चाकांचा गाव चाकांवरच राहिला. हे वाक्य पाठ करायला देऊ नये. जुना मजकूर आणि आजचा नकाशा शेजारी ठेवून मुलालाच ते सुचू द्यावं.

गॅझेटियर वाचताना एक सावधगिरी हवी. ते साहेबाच्या डोळ्यांनी, साहेबाच्या कामासाठी लिहिलेलं आहे. महसूल किती, रस्ता कसा, बंदरात माल किती, याची नोंद काटेकोर असते. लोकांविषयी, जातींविषयी मात्र त्यात सरसकट शेरे मारलेले आढळतात. ते वस्तुस्थिती म्हणून घ्यायचे नाहीत. लिहिणारा कोण होता आणि कोणासाठी लिहीत होता, हा प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचा. त्याच्या जोडीला मराठी विश्वकोश ठेवावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला आणि आज सगळे वीस खंड ऑनलाइन आहेत. सुरुवातीचे खंड जिल्ह्याचं नाव बदलण्याआधी छापलेले आहेत. म्हणून तिथंही 'कुलाबा' आणि 'रायगड' ही दोन्ही नावं शोधून पाहावीत.

उपग्रहाला न दिसलेलं

चौथा थांबा सातबारा. मोठ्यांच्या जगात हा शब्द भांडणात आणि कर्जात येतो, म्हणून मुलांपर्यंत पोचत नाही. पण गाव नमुना सात म्हणजे जमिनीवर हक्क कोणाचा, आणि गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणतं, ही फोड कळली की हा उतारा भूगोलाचं उत्तम साधन होतो. महाभूलेख संकेतस्थळावर माहितीपुरता, सहीविना उतारा मोफत पाहता येतो. वर्गात दाखवताना मालकांची नावं झाकावीत, दुसऱ्याच्या घरच्या कागदावर चर्चा नको. पिकांचा रकाना मात्र नीट पाहावा. पनवेल-उरण पट्ट्यात भातखाचरं होती, खाडीकाठी मिठागरं होती. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असत. 'आगरी' या नावातलं 'आगर' म्हणजे मिठागरच, असं सांगितलं जातं.

ही खाचरं गेली कुठं? उत्तर 1970 सालात आहे. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली मांडली. हे शहर वसवण्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची, 344 चौरस किलोमीटरची हद्द नव्या शहरासाठी ठरवली गेली. खांदा कॉलनीतल्या सेक्टरांची आखणी त्याच योजनेतून झाली. कॉलनीला नाव मात्र जुन्या खांदा गावाचंच राहिलं.

जमिनीच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना याच संघर्षातून पुढे आली. 'साडेबारा टक्के' हा शब्द या भागातल्या प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेला असतो, अर्थ माहीत नसतो.

आता मुलांना पुन्हा टाइमलॅप्सकडे न्यावं. ती फिल्म ज्या वर्षापासून सुरू होते, ते वर्षही 1984. एकाच वर्षाचे दोन पुरावे समोर आहेत. त्यातल्या एकात गोळीबाराची ही घटना कुठंच नाही. उपग्रहाला जमीन दिसते, जमीन कोणाची होती ते दिसत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं लागतात, विधिमंडळातल्या चर्चांच्या नोंदी लागतात आणि गावातल्या माणसांच्या आठवणी लागतात. एक साधन कितीही देखणं असलं तरी ते एकटं पुरत नाही. हे समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण शोधायला नको.

एका पत्त्यावर किती सरकारं?

नागरिकशास्त्र हा मुलांच्या मते सगळ्यांत रटाळ भाग. पण खांदा कॉलनीचा पत्ता हेच एक कोडं आहे. सिडकोनं वसवलेली ही वसाहत 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. त्याआधी पनवेल शहरात नगर परिषद होती, ती 1852 सालची. महापालिकेची पहिली निवडणूक 2017 च्या मे महिन्यात झाली, जागा 78. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, म्हणजे किती, हे मुलांनीच काढावं. जिल्हा रायगड, त्याचं मुख्यालय अलिबाग. पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. विधानसभेचा मतदारसंघ पनवेल. लोकसभेचा मतदारसंघ मावळ, म्हणजे खासदार निवडायला सह्याद्रीपलीकडचे पिंपरी-चिंचवडकर सोबतीला. जिल्ह्याच्या गाड्यांवर एमएच 06, पनवेलच्या गाड्यांवर एमएच 46.

मुलांना एक तक्ता करायला द्यावा. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, नळाला पाणी आलं नाही, जन्मदाखला हवा, सायकल चोरीला गेली, जमिनीचा उतारा हवा: कोणाकडे जायचं? प्रत्येक उत्तरासाठी त्या त्या कार्यालयाचं संकेतस्थळ मुलांनी स्वतः उघडायचं. मतदारसंघांच्या सीमा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रंही तिथं असतात: शिक्षण, मालमत्ता, खटले. एखादं शपथपत्र वाचल्यावर 'मतदाराचा माहितीचा हक्क' या शब्दांना वजन येतं. वर्गात मात्र अर्जाचा नमुना वाचायचा, व्यक्तीवर शेरेबाजी करायची नाही.

संविधानाची उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेली असते आणि बहुधा तिथंच राहते. तिच्या मागची चर्चा वाचायची तर संविधान सभेच्या कामकाजाचा वृत्तान्त ऑनलाइन आहे. 9 डिसेंबर 1946 रोजी सभा पहिल्यांदा भरली आणि 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारलं गेलं. मधल्या काळात एकेका कलमावर वाद झाले, दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, काही फेटाळल्या गेल्या. आठवी-नववीतल्या मुलांनी एखाद्या दिवसाची चर्चा निवडावी आणि वर्गात भूमिका वाटून घेऊन ती करावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी 2009 साली आयसिव्हिक्स हा उपक्रम याच हेतूनं सुरू केला. मुलं खेळ खेळता खेळता न्यायालय, कायदेमंडळ आणि हक्क समजून घेतात. ते खेळ त्यांच्या देशाचे आहेत. आपल्याकडे तसा खेळ हवा असेल तर वर्गात प्रभाग समिती भरवावी, विषयपत्रिकेवर कॉलनीतलं एखादं मैदान ठेवावं.

आकडे, ओव्या आणि परक्यांची घरं

जनगणनेचे आकडे संकेतस्थळावर उघडे आहेत. पण त्यातही एक खाच आहे. 2011 च्या जनगणनेतलं 'पनवेल' म्हणजे तेव्हाची नगर परिषद. आजचं 'पनवेल' म्हणजे खारघरपासूनच्या वसाहती सामावलेली महापालिका. नाव एक, हद्द वेगळी. दोन आकडे शेजारी ठेवून 'लोकसंख्या एवढ्या पटींनी वाढली' असं लिहिणारा विद्यार्थी गणितात बरोबर आणि भूगोलात चूक असेल. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मुलानं शेजारी बसून प्रश्न ऐकावेत. आकडा जन्माला कसा येतो, ते घरातच कळेल.

आकड्यांत न मावणारं जग पाहायचं तर पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेलं 'पारी' हे ग्रामीण भारताचं संग्रहालय उघडावं. त्यातले लेख मराठीतही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा साठा तिथं आहे, कित्येक ओव्या ध्वनिमुद्रणासह. ज्या बायांची नावं कुठल्या बखरीत आली नाहीत, त्यांनी नांदणं, दुष्काळ, विठोबा आणि आंबेडकर यांच्याविषयी काय म्हटलं, ते त्यांच्याच आवाजात ऐकता येतं. ऐकून झाल्यावर मुलानं घरी एवढंच विचारावं: आजी, तुला येतात का?

आणि जग? गॅपमाइंडर या स्वीडिश संस्थेचं 'डॉलर स्ट्रीट' हे पान उघडावं. देशोदेशींच्या कुटुंबांची घरं तिथं उत्पन्नाच्या क्रमानं एका रस्त्यावर मांडली आहेत. चूल, दात घासायचा ब्रश, झोपायची जागा, मुलांची खेळणी, सगळ्याचे फोटो आहेत. वर्णन अगदी थोडं असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. 'चूल' हा एकच विषय निवडून वरून खालपर्यंत पाहिलं, की एक गोष्ट मुलांच्या लगेच लक्षात येते. सारख्या उत्पन्नाची घरं देश वेगळा असला तरी एकमेकांसारखी दिसतात आणि एकाच देशातली घरं उत्पन्नानुसार कमालीची वेगळी.

खरं कसं ओळखायचं?

इतिहासाचा सर्वांत मोठा ऑनलाइन पुरवठा मात्र यातल्या कुठल्याही ठिकाणाहून होत नाही. तो होतो व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटांतून. अमेरिकेतले इतिहासशिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 साली एक निरीक्षण मांडलं. संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का, हे ठरवताना हुशार विद्यार्थी आणि नावाजलेले इतिहासकारसुद्धा त्याच पानावर बसून ते खालपर्यंत वाचत राहिले आणि फसले. तथ्य तपासणारे पत्रकार मात्र झटकन नवी खिडकी उघडून, या पानाबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहायला गेले आणि कमी वेळात बरोबर उत्तराला पोचले. या सवयीला आपण आडवं वाचन म्हणू. पानात खोल शिरण्याआधी त्याच्या आजूबाजूला नजर टाकायची.

सराव जवळच्याच विषयावर करावा. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांच्याबद्दल एखादा संदेश आला, तर त्यातली वाक्यं दोन रकान्यांत लिहायची. त्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 चा, मृत्यू 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात: ही तपासता येणारी माहिती. 'आद्य क्रांतिकारक' हे मूल्यमापन आहे. त्यावर वाद होऊ शकतो आणि तो पुराव्यानिशी करायचा असतो. ज्या वाक्यांना तिसऱ्या कुठल्याच ठिकाणी दुजोरा मिळत नाही, ती बाजूला ठेवायची. प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्या एआय साधनांनाही हीच कसोटी लावावी. '1882 साली पनवेल कोणत्या जिल्ह्यात होतं?' हे त्यांना विचारून पाहावं. उत्तर बरोबर येवो की चूक, चौदावा खंड उघडून बघितलेल्या मुलाला ते तपासता येईल.

थोडी व्यवहाराची बाब. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो संध्याकाळी बाबा आल्यावरच हाती येतो. म्हणून वरचं सगळं एका पडद्याभोवती चार मुलं बसून करता येईल असंच निवडलं आहे. नकाशे आणि गॅझेटियरची पानं एकदा उतरवून छापली की नेट लागत नाही. मुलांची नावं, फोटो, शाळा मागणाऱ्या ॲपपासून दूर राहावं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते ती उगाच नाही. मोठ्यांच्या मुलाखती घेताना मुलांनीही आधी परवानगी विचारावी, हा धडा त्याच्याच जोडीचा.

सगळ्यांत शेवटी पुन्हा खाली उतरू. एखाद्या रविवारी सकाळी मुलांना जमवावं, हातात रांगोळीचा डबा द्यावा आणि 19.0000 जिथं येईल तिथं पदपथावर आडवी रेघ ओढायला सांगावी. एकीकडे 'उत्तर', दुसरीकडे 'दक्षिण' लिहावं. पुढच्या रविवारी दुसऱ्या मोबाइलनं तीच रेघ शोधली तर ती बहुधा पाच-दहा मीटर सरकलेली असेल. मुलं भांडतील. मागच्या वेळचा मोबाइल चुकला की आजचा? आभाळ ढगाळ होतं म्हणून, की उंच इमारतींमुळे उपग्रहांचे संदेश नीट पोचले नाहीत म्हणून? तिसरा मोबाइल आणायचा, चार वेळा मोजायचं, की सर्वेक्षण विभागाच्या पत्रकाच्या काठावरून ठरवायचं? भांडण सोडवायची घाई मोठ्यांनी करू नये. रांगोळीचा डबा मुलांच्याच हातात राहू द्यावा.